चौदा नंबरचा तपासनीस

युद्धावर असताना मी घरी एकोणीस पोस्टकार्डं पाठवली. त्यातल्या अकरा कार्डांवर काळे पट्टे होते. ते पट्टे बघून आमच्या गल्लीची छाती फुगायची. पोरगा भलत्याच जोखमीच्या जागी आहे, म्हणून तर त्याचं निम्मं पत्र पुसावं लागतं, असं आई येईल त्याला सांगायची. कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासून ठेवायचा आणि माझं कार्ड मोठ्याने वाचायचा. पट्टा आला की आवाज खाली आणून म्हणायचा, "इथे पुसलंय बरं का." गिऱ्हाईक साबणासकट मान हलवायचं.

ते पट्टे मीच मारलेले होते. त्यांच्याखाली 'आज बटाटे कच्चे होते' किंवा 'डावा मोजा फाटला' असलं काहीबाही लिहिलेलं असायचं.

एवढं सांगितलं की माझी लायकी कळते. इथे थांबलो असतो तर लोक हसले असते आणि मीही हसलो असतो. पण पुढे माझी बहीण येते, आणि तिच्या बाबतीत मला हसता येत नाही.

मी पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवतो. पट्टीशिवाय सरळ रेघ मारतो, अक्षराची कड केसाएवढी बारीक सोडतो. तेवढ्या एका गोष्टीत मी कुणाला हार जात नाही. लष्करात मात्र पहिल्याच दिवशी बंदुकीच्या धक्क्याने मी चिखलात उताणा पडलो. माझा अर्ज बघून एक अधिकारी म्हणाला, "अक्षर सुरेख आहे, ह्याला पत्रांवर बसवा." बसवलं. पत्रं तपासायची कचेरी आघाडीपासून दिवसभराच्या वाटेवर, एका शाळेत होती. आम्ही वीस तपासनीस पोरांच्या बाकांवर बसायचो. बाकं इतकी बुटकी होती की गुडघे हनुवटीला टेकायचे. सैनिकांनी घरी पाठवलेली कार्डं वाचायची. गाव, नदी, पूल, पलटणीचा आकडा असं काही दिसलं की रुंद ब्रशने काळी शाई फिरवायची. मग कोपऱ्यात आपल्या नंबरचा शिक्का मारायचा. माझा नंबर चौदा.

तिथे एक नियम होता. आपल्या नात्यातल्या माणसाचं कार्ड हाती आलं तर ते वाचायचं नाही. पालथं घालायचं आणि शेजारच्या बाकावर सरकवायचं. सरकवताना तोंडाने "पालथं!" म्हणायचं. दिवसातून एकदा तरी कुणाचा भाऊ, कुणाचा काका असा पालथा होऊन शेजारी जायचा. आपली स्वतःची पत्रंही दुसऱ्याकडूनच तपासून घ्यायची असायची, पण तिकडे फारसं कुणाचं लक्ष नसे. मी माझी कार्डं स्वतःच पुसायचो, स्वतःच शिक्का मारायचो आणि गठ्ठ्यात घुसवायचो.

माझ्या ताईच्या नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. भाऊजी म्हणजे मोठं बिलंदर काम. पंक्चर काढता काढता गिऱ्हाइकाची फिरकी घ्यायचे आणि गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. युद्ध लागलं तेव्हा भरतीच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. घरात कुणालाही न विचारता त्यांनी आपण होऊन ते घातलं. ताईला हे कळलं आदल्या दिवशी. निघायच्या सकाळी ती दुकानात शिरली, आतून शटर ओढलं आणि बसून राहिली. ते बाहेरून हाका मारत होते, शटर वाजवत होते. तिने उघडलं नाही. गाडीची वेळ झाली तेव्हा ते गेले.

ताईचा राग महिनाभर टिकला. नंतर तिने त्यांना पत्र लिहिलं, की माझं चुकलं, शटर उघडायला हवं होतं. तुम्ही रागावला आहात का, तेवढं एक कळवा, बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल. ह्यातलं मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी वेगळा वागलो असतो, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत आलो. आता तेही सांगत नाही.

भाऊजींची पलटण एका दुपारी त्या शाळेच्या गावावरून पुढे चालली होती. मी तिथल्या पत्त्यावर आहे हे त्यांना पलटणीच्या टपालवाल्याकडून कळलं. ते मला शोधत आले आणि वर्गाच्या दारात उभे राहिले. गुडघ्यापर्यंत चिखल, दाढी वाढलेली. मी शेगडीजवळ होतो. मोजे वाळत टाकलेले, मांडीवर शाळेचं मांजर, एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात बिस्कीट. भाऊजी इतके हसले की त्यांना त्या बुटक्या बाकावर बसावं लागलं.

"छोट्या! अरे, तिकडे तुझ्या काळजीने सासूबाई निम्म्या झाल्या, आणि तू इथे मांजर पाळून बसलास?"

मीही हसलो. मग त्यांना कोपऱ्यात नेऊन गयावया केली. "भाऊजी, घरी कळवू नका. सगळ्यांना वाटतंय मी आघाडीवर आहे."

"बघू," ते म्हणाले. त्यांचं 'बघू' कसं असतं ते मला माहीत होतं. त्यांनी माझी सगळी बिस्किटं आपल्या सोबत्यांसाठी खिशात कोंबली, मांजराच्या पाठीवरून हात फिरवला आणि निघून गेले.

दहाव्या दिवशी त्यांचं कार्ड माझ्या गठ्ठ्यात आलं. ताईच्या दुकानाचा पत्ता, भाऊजींचं वाकडंतिकडं अक्षर. मी ते पालथं घालायला हवं होतं. घातलं नाही. शेजारचा तपासनीस पेंगत होता, आणि मला धडकी भरली होती.

वर चार ओळी साध्या होत्या. मी बरा आहे, बूट चांगले मिळालेत, पंप उन्हात ठेवू नकोस, वॉशर वाळतो. मग पाचवी ओळ सुरू झाली. 'छोट्या भेटला. शाळेत शेगडीपाशी मांजर मांडीवर घेऊन बसतो आणि आमची पत्रं पुसतो. चांगला गुबगुबीत झालाय. त्याची काळजी सोडा.'

माझे कान तापले. न्हाव्याचं दुकान डोळ्यांसमोर आलं. साबण लावलेली गिऱ्हाइकं, न्हाव्याचा तो आवाज. मी ब्रश शाईत बुडवला आणि पाचव्या ओळीपासून जो फिरवला, तो थेट सहीपर्यंत. पुन्हा एकदा फिरवला. कोपऱ्यात चौदाचा शिक्का मारला आणि कार्ड गठ्ठ्यात टाकलं. ब्रश रुंद होता, असं मी पुढे स्वतःला सांगत राहिलो. पण दोन अक्षरांमधली फट न बिघडवता रंग भरणारा माणूस मी. रुंद ब्रशने मी पत्र्यावर ठिपकासुद्धा काढून दाखवीन. खालच्या ओळी पुसल्या गेल्या कारण मला त्यांची फिकीर नव्हती.

कार्ड घरी पोहोचलं आणि त्यानंतर आठच दिवसांनी भाऊजी गेल्याची तार आली.

युद्ध संपल्यावर मी परतलो. गल्लीने हार घातला नाही एवढंच. बाकी सगळं केलं. न्हाव्याने फुकट दाढी केली. दुसऱ्या दिवशी ताईने मला दुकानात बोलावलं. ती आता दुकान स्वतः चालवत होती, नखांत काळं वंगण गेलेलं. तिने ड्रॉवरमधून ते कार्ड काढून काउंटरवर ठेवलं.

"तू तिकडे होतास. ते लोक नेमकं काय पुसतात रे?"

मी कार्डाकडे न बघता म्हणालो, "गावाची नावं, पूल, आकडे. लष्कराच्या कामाचं."

"घरचं? म्हणजे कुणी बायकोला काही लिहिलं असेल तर?"

"छे! घरचं कशाला पुसतील? घरच्या गोष्टीला कुणी हात लावत नाही, ताई."

किती पटकन बोललो मी हे. वेळ मारून नेली म्हणून मला हायसंसुद्धा वाटलं. ताईने कार्ड उचललं, पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे उत्तर दिलंच नाही त्यांनी." कसलं उत्तर, ते मला त्या संध्याकाळी आईने सांगितलं. शटरचं सगळं तेव्हा कळलं. मी उठून दुकानात जायला हवं होतं. जेमतेम दोनशे पावलं होती. मी जेवलो आणि झोपलो.

तेवीस वर्षं गेली. ह्या तेवीस वर्षांत ताईने मला निदान पाच-सहा वेळा विचारलं असेल. कधी चहा गाळताना, कधी चेनला तेल घालताना. "अरे, एवढ्या ओळी भरून पुलांचीच नावं असतील?" आणि मी प्रत्येक वेळी, "असतील. तिकडे पूलच पूल होते." आई गेली, न्हावी गेला. मला आता कुणापासून काही लपवायचं उरलं नव्हतं. तरी लपवत राहिलो. एकदा सवय लागली की काय लपवतोय ते बघायचीही गरज वाटत नाही.

परवाच्या मंगळवारी मी ताईच्या दुकानाची पाटी नव्याने रंगवायला गेलो. शहराच्या संग्रहालयात युद्धातल्या पत्रांचं प्रदर्शन लागायचं होतं, आणि तिथल्या बाईंनी घरोघरी फिरून कार्डं मागितली होती. ताईने सगळी काउंटरवर मांडली होती. एका बाजूला भाऊजींची, दुसऱ्या बाजूला माझी, पट्टेवाली, आईने जपून ठेवलेली. मी शिडीवर होतो.

"छोट्या, खाली ये जरा."

"ओला रंग आहे."

"असू दे. ये."

तिने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. दिवसभर बेअरिंगच्या छर्र्यांची मापं आणि नटांचे आकडे बघणारी बाई ती. तिच्या नजरेतून आकडा सुटत नाही. "हे बघ. तुझ्या कार्डावर कोपऱ्यात चौदा. ह्याच्यावर चौदा. ह्याच्यावर पण चौदा. आणि आता त्यांचं शेवटचं बघ."

मी बघितलं. माझाच शिक्का, थोडा तिरका पडलेला.

"एकाच माणसाने तपासलीत," ताई म्हणाली. तिचा आवाज मी कित्येक वर्षांत इतका तरतरीत ऐकला नव्हता. "हा चौदा नंबर अजून असेल रे कुठेतरी. तुझ्याच वयाचा असेल फार तर. पुसायच्या आधी त्याने वाचलं असेल ना? वाचल्याशिवाय कसं पुसणार?"

"दिवसाला तीनशे कार्डं वाचायचे ते, ताई. कसं आठवेल?"

"नसेल आठवत तर नसेल. विचारायला काय जातं? मी काल लष्कराच्या पेन्शन कचेरीत जाऊन आले. तो कारकून चांगला आहे. म्हणाला, जुनी रजिस्टरं माळ्यावर आहेत, शुक्रवारपर्यंत नाव काढून देतो."

मी पुन्हा शिडीवर चढलो आणि आडवी रेघ मारली. आयुष्यात पहिल्यांदा ती वाकडी आली.

बुधवारी मी काय काय विचार केले ते सांगायलाही लाज वाटते. कारकुनाला आधीच गाठावं. चौदा नंबर वारला म्हणून सांगावं. चार दिवस बाहेरगावी काम आहे म्हणून निघून जावं. पन्नाशीला आलेला माणूस, आणि अजूनही मी त्या बाकाखाली लपायलाच बघत होतो. एका दवाखान्याचं दार पांढरं रंगवायचं होतं, ते मी हिरवं रंगवून आलो. गुरुवारी दुपारी ते पुन्हा पांढरं केलं आणि तसाच, रंगाच्या हातांनी, ताईकडे गेलो.

ती एका चाकाचा आउट काढत होती. चाक फिरवायचं, कुठे डगमगतंय ते बघायचं, तिथला स्पोक अर्धा आटा आवळायचा. मी समोरच्या स्टुलावर बसलो.

"ताई, चौदा नंबर मी."

"काय मी?"

"तो तपासनीस. मी होतो. मी आघाडीवर कधी गेलोच नाही. एका शाळेत बसून पत्रं पुसत होतो. माझी कार्डंसुद्धा मीच पुसली. भाऊजींचं मी पुसलं."

चाक फिरत होतं. तिने तळहात लावून ते थांबवलं. मी सगळं सांगितलं. मांजर, बिस्किटं, मी केलेली गयावया, न्हाव्याची भीती. सांगताना मान वर करवत नव्हती, म्हणून तिच्या चपलांकडे बघत बोललो. पाचवी ओळ मला जशीच्या तशी पाठ होती. ती म्हणून दाखवली.

ताई म्हणाली, "परत म्हण."

मी म्हटली. 'छोट्या भेटला. शाळेत शेगडीपाशी मांजर मांडीवर घेऊन बसतो...'

"गुबगुबीत," ती म्हणाली, आणि हसली. खरंच हसली. "हे त्यांचंच बोलणं. दुसरं कुणी असं लिहिणार नाही. परत एकदा म्हण."

तिसऱ्यांदा म्हटली. तेवीस वर्षांनी नवऱ्याचं एक नवं वाक्य तिच्या कानावर पडत होतं, आणि ते माझ्याविषयी होतं. मला तिथल्या तिथे मरावंसं वाटलं. ताईने हात फडक्याला पुसले, स्टूल पुढे ओढलं आणि माझ्या अगदी समोर येऊन बसली.

"बरं. आणि पुढे?"

"पुढे अजून दोन-अडीच ओळी होत्या."

"काय होतं त्यांत?"

मी नखाने बोटावरचा पांढरा रंग खरवडू लागलो.

"छोट्या, काय होतं?"

"मी वाचल्या नाहीत, ताई."

"अरे, वाचायचं तर काम होतं तुझं."

"माझं नाव आलं, ते वाचलं. घाबरलो आणि ब्रश फिरवला. खाली बघितलंच नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. राग असता तर मला सोपं गेलं असतं. तिच्या चेहऱ्यावर अजून आशा होती. मी आठवायचा प्रयत्न करीन, एखादा शब्द तरी सापडेल, असं तिला वाटत होतं. ते मला सोसवेना. दोनच शब्दांचं तर काम होतं. आणि ज्याने जन्मभर स्वतःला वाचवण्यासाठी खोटं सांगितलं, त्या मला वाटलं की एकदा तिच्यासाठी सांगावं.

"ते रागावले नव्हते, ताई," मी म्हणालो.

"हे तिथे लिहिलं होतं, की तू आत्ता लिहितोयस?"

ताईने मान हलवली, माझ्याकडे बघून नव्हे, स्वतःशीच.

"बघ, आता तू खरं सांगितलंस तरी मला कळायचं नाही," ती म्हणाली. "तू म्हणालास घरचं पुसत नाहीत. मी ते धरून बसले. म्हटलं, शटर उघडलं नाहीस ना, मग भोग. पूलच पूल होते म्हणे." तिने फडकं तोंडाशी धरलं आणि थोड्या वेळाने काढलं. "मी पत्रात एवढंच विचारलं होतं रे त्यांना. एवढंच."

"ताई, माझं चुकलं."

"हो," ती म्हणाली. उठली, काउंटरवरची माझी पट्टेवाली अकरा कार्डं गोळा केली आणि माझ्या हातात दिली. "ही प्रदर्शनात द्यायची नाहीत. आणि उद्या पेन्शन कचेरीत तू जा. मी नाही जाणार. तो बिचारा माझ्यासाठी माळ्यावर धूळ खातोय. त्याला जाऊन सांग, नाव शोधू नका म्हणावं."

मग ती चाकाकडे वळली. मी थोडा वेळ उभा राहिलो. तिने वर बघितलं नाही, म्हणून निघालो.

शुक्रवारी कचेरी उघडायच्या आधीच मी दारात होतो. कारकून तरणा होता, शर्टाच्या बाह्या धुळीने माखलेल्या, टेबलावर तीन जाडजूड रजिस्टरं. मी कुणाकडून आलो ते सांगताच त्याचा चेहरा खुलला.

"त्या सायकलवाल्या बाई! अजून नाव लागलं नाही हो. पण एक रजिस्टर बाकी आहे, आज काढतोच."

"काढू नका," मी म्हणालो. "चौदा नंबर सापडला."

"सापडला? जिवंत आहे?"

"आहे."

"वा! बाईंनी इतकं कळवळून सांगितलं होतं." त्याने अर्जाचा कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं. "शेरा लिहावा लागतो. भेट झाली का त्यांची? त्या माणसाला काही आठवतंय का?"

"आठवतंय," मी म्हणालो. "स्वतःपुरतं."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग तेच शब्द शेऱ्याच्या रकान्यात लिहिले आणि सहीसाठी कागद माझ्याकडे वळवला.